त्यानं तोंड उघडलं होतं

"आपला हा भाऊ मेंढरासारखा गेला," पाळक म्हणाले. "त्यानं तोंड उघडलं नाही."

पहिल्या बाकावर बसलेल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोर शवपेटी होती, झाकण बंद. धुलाईच्या कारखान्यात बॉयलरचं झाकण उडालं आणि वाफ सरळ अंगावर आली, त्यामुळे चेहरा कुणाला दाखवण्यासारखा राहिला नव्हता. आत होता तो बाईंचा धाकटा भाऊ. चर्चची अख्खी मंडळी त्याला रेडिओ म्हणायची, कारण तो बंद व्हायचा नाही. प्रार्थना लांबली की शेजारच्याच्या कानाशी लागायचा. केस कापायला गेला तर न्हावी थकून गप्प बसायचा. लग्नात त्यानं शपथ दोनदा म्हटली होती, मागच्या बाकांना ऐकू गेली नसेल म्हणून. अशा माणसाबद्दल पाळक सांगत होते की त्यानं तोंड उघडलं नाही.

पाळक तरुण होते, बोलण्यात गोडवा होता. ते पुढे बोलत राहिले. यशया संदेष्ट्यानं ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधी दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचं वर्णन केलं. तो मुकाट्यानं मरणाला गेला, पण यातनांनंतर त्याला उजेड दिसेल, हेही यशयानं सांगून ठेवलं. दावीद राजानं गायलं की देवा, तू मला मृतांच्या जगात टाकून देणार नाहीस. होशेय संदेष्टा म्हणाला, तिसऱ्या दिवशी तो आपल्याला उठवील. योना तीन दिवसांनी माशाच्या पोटातून जिवंत बाहेर आला.

"हे सगळं ख्रिस्तात पुरं झालं," पाळक म्हणाले. "तो उठला. तो उठला म्हणून आपला भाऊही उठेल. तेव्हा आज प्रश्न नकोत, तक्रार नको. मन शांत ठेवू या."

"आमेन," पलीकडच्या बाकावरून मालक म्हणाले आणि त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

कारखाना त्यांचा. मंडळीच्या पंचांमध्येही पहिला शब्द त्यांचाच. शवपेटी, फुलं, गाडी, सगळं त्यांनी धावपळ करून उभं केलं होतं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, हे बाईंना दिसत होतं आणि त्यानंच जास्त चीड येत होती.

पाळकांचं वाक्य न् वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. आठवडाभर त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी उपासनेनंतर मोठ्यांच्या शास्त्रवर्गात हीच भाकितं. पाळक इथे नवे होते तेव्हा त्याच वर्गात मागे बसून ऐकायचे. आज तेच शब्द बाईंच्या भावाच्या पेटीवर ओतले जात होते, ओल्या भिंतीला चुना फासावा तसे.

दफनानंतर दोन-तीन दिवसांनी लांबू घरी आला. तो कारखान्यात बॉयलरवरच होता, धाकट्याचा जोडीदार. दारातून वाकून आत आला, भावजयीनं दिलेला चहा हातात धरून नुसताच बसला.

"बाई, एक सांगायचं होतं. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"आधी सांग."

"बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफेचा जोर फार झाला की तो आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. आमचा बिघडला होता, जोर नसतानाच उघडायचा. मग वाफ पुरायची नाही, चादरी ओल्या राहायच्या, हॉस्पिटलवाले ओरडायचे. मालक म्हणाले, नवा येईपर्यंत त्याचा दांडा तारेनं बांधून टाका."

"आणि हा काय म्हणाला?"

लांबूच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. "काय नाही म्हणाला ते विचारा. सगळ्यांसमोर म्हणाला, मालक, हे म्हणजे माणसाचं नाक-तोंड बांधून त्याला पळायला लावणं झालं. इस्त्रीवरच्या बायका हसल्या. नंतरही रोज बोलत होता. ज्या दिवशी झालं त्या सकाळीसुद्धा बोलला. मालक म्हणाले, भीती वाटत असेल तर घरी बस, दाराबाहेर माणसांना तोटा नाही."

भावजय स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मलाही सांगायचा," ती म्हणाली. "जेवताना दुसरा विषय नव्हता."

बाई उठल्या आणि तडक पाळकांकडे गेल्या.

पाळक चर्चच्या मागच्या खोलीत स्तोत्रसंहितांच्या फाटक्या प्रती चिकटवत बसले होते. बाईंनी खुर्ची ओढली नाही.

"येत्या रविवारी एक वाक्य दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ गप्प राहून मेला नाही. त्यानं तोंड उघडलं होतं. रोज उघडलं होतं. ज्यांनी ऐकायचं त्यांनी कानात बोळे घातले."

"बाई, ते वाक्य यशयाचं आहे."

"यशयाचं वाक्य यशयाच्या सेवकासाठी आहे. ते माझ्या भावाला कुणाच्या मापानं घातलंत?"

"मी सांत्वन करत होतो."

"कुणाचं?"

पाळकांनी डिंकाची बाटली बंद केली.

"त्याच्या पुढचं वाक्य काय आहे?" बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "सांगा, येतं तुम्हाला."

"जुलमानं आणि अन्यायानं त्याला उचलून नेलं," पाळक हळू आवाजात म्हणाले.

"आणि?"

"आणि त्याच्या काळच्या माणसांपैकी कुणाला त्याचं काही वाटलं?"

"ते का गाळलंत?"

"वेळकाळ बघावा लागतो, बाई. मालकांनी या मंडळीसाठी काय काय केलं आहे, तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. मी व्यासपीठाचं कोर्ट करू शकत नाही."

"मग पांघरूणही करू नका," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

कारखाना रस्त्याच्या टोकाला होता. एरवी फाटकापासूनच साबणाचा आणि गरम कापडाचा वास यायचा. आज आत मोठाले ड्रम थंड पाण्यावर फिरत होते आणि इस्त्रीवरच्या बायका ओल्या चादरींच्या ढिगांमध्ये हात बांधून बसल्या होत्या. बॉयलरच्या खोलीला कुलूप होतं. बाईंना बघून बायकांनी नजरा खाली वळवल्या.

मालकांनी आपल्या काचेच्या केबिनमध्ये त्यांना बसवलं, पंखा लावला. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "व्हॉल्व्ह बांधायला तुम्ही सांगितलंत?"

मालकांनी टेबलावरच्या कपड्यांच्या चिठ्ठ्या नीट केल्या. मग म्हणाले, "तार कुणी बांधली, ते सांगितलं का तुम्हाला कुणी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुमच्या भावानं. स्वतःच्या हातानं. चौकशीला सरकारी माणसं आली तेव्हा मी हे बोललो नाही. मंडळीत बोललो नाही. मेलेल्याच्या नावाला डाग लागू नये, म्हणून मूग गिळून बसलो. पोरासारखा होता तो मला. आणि तुम्ही मलाच जाब विचारायला आलात."

आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून उत्तरं दिलेल्या बाई तशाच उठून बाहेर आल्या. रस्त्यात त्यांना राग आला तो आता भावाचाच. एवढी जीभ चालवायची आणि शेवटी हात मालकांच्या मनासारखा चालवायचा? घरी येऊन त्यांनी पर्स आपटली.

"तार त्यानं बांधली?"

"हो," भावजय म्हणाली. ती भांडी पुसत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही. ताई, तुम्हाला तो अजून तुमच्या बोटाला धरून चालणाराच दिसतो. तो माझा नवरा होता. बोलला, कुणी ऐकलं नाही, आणि कामावरून घरी बसायची हिंमत झाली नाही. मग सांगितलं ते केलं. काय वेगळं केलं? सगळे तेच करतात."

"मूर्ख होता."

"होता," भावजय म्हणाली आणि हातातलं पातेलं इतक्या जोरात ठेवलं की शेजारचं झाकण खाली पडलं. "पण तुम्ही म्हणू नका. मी म्हणेन."

त्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर साधी वजाबाकी चुकवली आणि ती दाखवून देणाऱ्या मुलीवर खेकसल्या. नंतर त्यांनी तिची माफी मागितली. शब्द तोंडातून निघत असतानाच त्यांना कळत होतं की खरा राग कुठे अडकला आहे. निष्कलंक मेंढराची गोष्ट पाळकांना सोयीची होती तशी त्यांनाही झाली होती. भाऊ धुतल्या तांदळासारखा असला तरच आपण बोलू शकतो, असं त्यांनीही धरूनच ठेवलं होतं. आणि मालकांनी नेमकं तेच ओळखून त्यावर बोट ठेवलं होतं.

रविवारी उपासनेनंतर वर्ग भरला. क्रमानं आलेला धडा तोच होता, संदेष्ट्यांची भाकितं आणि पुनरुत्थान. मालक आले. न येणं वाईट दिसलं असतं. नेहमीच्या जागी, खिडकीपाशी बसले. पाळक मागे उभे राहिले. लांबू कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसला होता आणि भावजय बाईंच्या अगदी समोर.

"आज मी रागात आहे," बाईंनी सुरुवात केली. "तेव्हा चुकले तर सांगा.

"भाकीत म्हणजे गाडीचं वेळापत्रक नाही, की अमक्या वेळेला अमकं येणार. होशेय तिसऱ्या दिवसाबद्दल बोलला तेव्हा तो कुणाबद्दल बोलत होता? आपल्या लोकांबद्दल. मार खाऊन फाटलेल्या लोकांबद्दल. यहेज्केल संदेष्ट्याला सुकलेल्या हाडांनी भरलेलं खोरं जिवंत होताना दिसलं, ती हाडं कुणाची? देशोधडीला लागलेल्यांची. दाविदाचं स्तोत्र म्हणजे मरणाच्या भीतीनं घाम फुटलेल्या माणसाचं बोलणं. यातल्या कुणीही आरामात बसून भविष्य सांगितलं नाही. सगळे ओरडत होते. देवावरसुद्धा."

कुणीतरी खाकरलं.

"मग शिष्यांनी हे सगळं येशूशी कसं जोडलं? आधी तो मेला. मग तो उठला, असं त्यांनी पाहिलं. आणि त्यानंतर ते जुन्या पानांकडे परत गेले. तेव्हा त्यांना दिसलं की ते सगळं ओरडणं एकाच ठिकाणी येऊन मिळालं आहे. लोकांचा तिसरा दिवस, हाडांवर चढणारं मांस, दाविदाची भीती, सेवकाचा उजेड, सगळं त्या एका माणसात. आपण हे मानतो. मी मानते. पण त्या शिष्यांपैकी पेत्रानं पहिल्यांदा हे भर चौकात लोकांना सांगितलं, तेव्हा कसं सांगितलं?"

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्यानं दाविदाचं स्तोत्र सांगितलं. म्हणाला, दावीद मेला, पुरला गेला, त्याची कबर आजही आपल्याकडे आहे. म्हणजे कुजणार नाही असं जे तो म्हणाला ते स्वतःबद्दल नव्हतं, ख्रिस्ताबद्दल होतं."

"बरोबर. आणि त्याच्या आधी पेत्र काय म्हणाला?"

म्हातारे आठवू लागले. खोलीत चुळबुळ झाली.

"तुम्ही त्याला मारलंत," बाई म्हणाल्या. "हे आधी. देवानं त्याला उठवलं, हे नंतर. पेत्रानं दोन्ही एका दमात सांगितलं, कारण पहिलं गाळलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. देवानं त्याला उठवलं म्हणजे माणसांनी दिलेला निकाल देवानं फिरवला. ज्याला मारलंच नाही, त्याला उठवायचं कशातून? आपल्या व्यासपीठावरून परवा अर्धंच वाक्य सांगितलं गेलं. भाऊ उठेल, हे सांगितलं. तो कसा मेला, हे विचारू नका, असंही सांगितलं."

मालक उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"बाई, तुम्ही आपल्या भावाला प्रभूच्या जागी बसवता आहात. वर्गाला हेही सांगा की तार त्यानंच बांधली."

"सांगते," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर दाबून धरले. "तार माझ्या भावानं बांधली. तो प्रभू नव्हता, मेंढरूही नव्हता. तोंडाळ होता, घाबरट होता, आणि त्यानं जे करायला नको ते केलं. त्याला मेंढरू मी नाही म्हटलं, व्यासपीठानं म्हटलं, आणि तुम्ही आमेन म्हणालात. मी एवढंच विचारते, बांधायला कुणी सांगितलं?"

"तसं मी कुणाला सांगितलं, याला साक्ष आहे?"

भावजय बसल्या जागेवरून म्हणाली, "त्या सकाळी जाताना मला म्हणाला, आज पुन्हा सांगून बघतो."

"तो काय म्हणाला, त्याला साक्ष म्हणत नाहीत, सूनबाई."

मग कोपऱ्यातून आवाज आला. लांबू उभा राहिला नाही. मान वर न करता, गुडघ्यांकडे बघतच बोलला. "तुम्ही म्हणालात. मी तिथेच होतो. पक्कड माझ्या हातात होती. आधी मलाच सांगितलंत. मी नाही म्हणायच्या आत त्यानं ती माझ्या हातातून घेतली. म्हणाला, तुझं सगळं बाकी आहे अजून, मी करतो."

हे भावजयीला माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. भावजयीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला त्यानं पुढच्या रांगेतल्या दोघी बायका उठून तिच्यापाशी गेल्या. मालकांनी आपलं पुस्तक काखेत घेतलं, पाळकांच्या शेजारून गेले आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्यानंतर जे झालं त्यासाठी कुणी बाईंची आरती ओवाळली नाही. लांबूनं चौकशीच्या माणसांना सगळं सांगितलं आणि कारखान्याला टाळं लागलं. इस्त्रीवरची एक बाई बाजारात आडवी आली. "तुमचा भाऊ गेला, आमची चूल गेली," ती म्हणाली. "बरं वाटलं का?" नाही, असं म्हणणं खरं होतं, पण त्यानं तिची चूल पेटणार नव्हती. पंचांनी बैठक घेऊन ठरवलं की बाईंना विश्रांतीची गरज आहे, वर्ग तूर्त पाळक घेतील. निरोप सांगायला पाळक स्वतः घरी आले.

"विश्रांती," बाई म्हणाल्या. "छान शब्द शोधलात."

"मी विरोध केला होता."

"किती मोठ्यानं?"

पाळकांचा चेहरा पडला. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "ते वाक्य मी दुरुस्त करीन." आणि पुढच्या रविवारी त्यांनी केलं. "आपला भाऊ गप्प नव्हता, मी चुकीचं बोललो," असं उपासनेतल्या सूचनांच्या आधी, इतकं पुटपुटत म्हणाले की मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाले?" आणि शेजारच्या बहिऱ्या आजोबांना ते कुणीतरी इतकं ओरडून समजावलं की सगळ्या चर्चनं ऐकलं. मालक तेव्हा नव्हते. ते दुसऱ्या मंडळीत जायला लागले होते. तिथेही त्यांना पहिला बाक मिळाला, असं बाईंच्या कानावर आलं.

पुढे नवा बॉयलर आला, कारखान्याचं टाळं निघालं, इस्त्रीवरच्या बायका परत कामाला लागल्या. मालकांवरचा खटला मात्र उभा राहिला.

लांबूच्या साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई आणि भावजय दफनभूमीत गेल्या. कबरीवरची माती बसली होती, कडेनं गवत आलं होतं. भावजय खाली बसून ते उपटू लागली.

"ताई, खरं सांगा. तो उठेल, असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं."

"मग राग का जात नाही तुमचा? मला वाटायचं, ज्यांना वाटतं त्यांचा जातो."

बाई तिच्याशेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले. "जो कायमचा संपला, त्याच्यासाठी भांडून काय करायचं?" त्या म्हणाल्या. "मातीच तर आहे. माती मुकाट पडून राहते. मला वाटतं की देव याला नावानं हाक मारणार आहे. ज्याला देव नावानं हाक मारणार, त्याला एका व्हॉल्व्हच्या भावात विकलं, याचा राग येणार नाही तर कशाचा येईल? मला विश्वास नसता तर मी केव्हाच शांत झाले असते."

भावजय गवत उपटत राहिली. "मला तेवढा विश्वास नाही," ती म्हणाली. "मला फक्त तो हवा आहे."

"तेही चालेल."

"चालेल म्हणजे? देवाला चालेल?"

"त्याला चाललं पाहिजे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला धार होती, आणि ती भावजयीसाठी नव्हती.

अंधार पडायच्या आत फाटक बंद व्हायचं, म्हणून रखवालदारानं दुरून हात केला. भावजयीनं मुठीतलं गवत बाजूला टाकलं आणि बाईंना उठायला हात दिला. वाटेत ती म्हणाली की उद्या कोर्टात निळी साडी नेसते, काळी नको, उगाच सगळे दया दाखवत बसतील. बाईंनी हो म्हटलं. मग दोघी बस पकडायला घाईनं चालू लागल्या.